नर्व्ह दाखवा, नाव सांगते

स्लाइडवर हवं ते सापडलं की डॉ. देवी लखवानींना गप्प बसताच येत नसे. डोळे मायक्रोस्कोपला चिकटलेले, उजवा हात त्याच्या चाकावर आणि डावा हात टेबलावर धडाधड थापा मारतोय. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, पापडाच्या एका दुकानाच्या माडीवर त्यांची पॅथॉलॉजी लॅब होती. थापा सुरू झाल्या की खालचे दुकानदार तुलसीभाई जिन्यात येऊन ओरडायचे, “मॅडम, छत पे रहम करो! माझे पापड तुटतात!”

मान वर न करता मॅडम ओरडायच्या, “तुलसी, वर ये! असा नजारा तुझ्या बाजारात नाही मिळणार!”

आणि तुलसीभाई खरंच वर यायचे. एक डोळा मिटून नळीतून बघायचे, “बढिया है,” म्हणायचे आणि खाली जायचे. त्यांना काय दिसायचं देव जाणे.

मी पाटणकर. बदलापुरात त्वचारोगांचा दवाखाना चालवत होतो, आता बंद केलाय. मॅडम यंदाच्या उन्हाळ्यात इंदूरला लेकीकडे गेल्या होत्या, तिथेच वारल्या. अंबरनाथला आम्हा डॉक्टर मंडळींनी शोकसभा घेतली. एक तरुण डॉक्टर उठला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, “आमच्या किंतू मॅडम. ठाम उत्तर कधी द्यायच्या नाहीत, पण माणूस सोन्यासारखा.” सभेत हलकं हसू पसरलं. त्या मुलानं मॅडमना कधी काम करताना पाहिलेलं नव्हतं. त्याच्यापर्यंत पोचलं होतं ते फक्त नाव. ते नाव मी ठेवलेलं आहे आणि ते साफ खोटं आहे. सभेत मी उठून बोललो नाही. म्हणून हे लिहितोय.

मॅडमचं खरं वेड एकच होतं. कातडीचा कुष्ठरोग आणि कातडीचा क्षयरोग यांतला फरक ओळखणं. इतर पॅथॉलॉजिस्टना हे काम आलं की कपाळावर आठी पडते. कारण दोन्ही रोगांचे जंतू एकमेकांचे भाऊबंद. दोन्हीत कातडीखाली पेशींचे घोळके जमून गाठी होतात, आणि त्या गाठी इतक्या सारख्या दिसतात की एकीवर बोट ठेवावं आणि दुसरीनं हसावं. जंतू रंगवून शोधावेत तर दोन्हीत ते इतके थोडे असतात की न दिसण्याचीच शक्यता जास्त. मग राहतं काय? नर्व्ह. स्पर्श, वेदना मेंदूकडे नेणारे ते बारीक तंतू.

मॅडम हे सगळं कॅम्पाच्या भाषेत समजवायच्या. त्यांचं मराठी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून शिकलेलं, सिंधी आणि हिंदी मिसळलेलं. “बघा साईं, टीबी म्हणजे आमच्या कॅम्पातला दुकानदार. जागा दिसली की माल पसरतो. ओट्यावर, फुटपाथवर, नाल्यावर. पण शेजारच्याच्या घरात नाही शिरत. आणि कुष्ठरोग म्हणजे वाईट भाडेकरू. गोड बोलून नर्व्हच्या घरात शिरतो आणि घरच खाऊन टाकतो. म्हणून मला घर दाखवा. घर शाबूत की पडलेलं, एवढं बघू द्या. नर्व्ह दाखवा, नाव सांगते!”

हे शेवटचं वाक्य त्या एखाद्या ज्योतिषाच्या थाटात म्हणायच्या. नम्रपणा त्यांच्या अंगात औषधालाही नव्हता. “कल्याणपासून कर्जतपर्यंत नर्व्ह बघावी तर मीच,” असं त्या माझ्यासमोर, माझ्या पेशंटसमोर आणि एकदा तर गॅस सिलेंडर घेऊन आलेल्या माणसासमोर म्हणाल्या होत्या.

त्यांच्या मायक्रोस्कोपला दोन डोकी होती. एकच स्लाइड दोघांनी समोरासमोर बसून एकाच वेळी बघायची. रिपोर्टवर शंका घेणाऱ्या डॉक्टरला त्या फोनवर उत्तरच द्यायच्या नाहीत. “दुसऱ्या डोक्यावर येऊन बसा,” एवढंच. गेलं की प्रथम बघायचं. मग पाणी आणि भाजलेला पापड, सिंधी घरात पाहुण्याला देतात तसा. आधी पापड मागितला तर मिळायचा नाही, कारण तेलकट बोटं मायक्रोस्कोपला लागतात. मी एकदा भूक लागली म्हणून खालून तुलसीभाईंकडून पापड घेऊनच वर गेलो. मॅडमनी मला साबणानं हात धुवायला लावले, हुंगून पाहिले आणि पुन्हा धुवायला लावले.

त्यांच्यातला उत्साह मी पहिल्यांदा पाहिला तो बारवीकडच्या पाड्यावरच्या एका आजोबांमुळे. त्यांच्या मांडीवर जाड, खरखरीत कडेचा चट्टा होता. बायकोला पूर्वी फुप्फुसाचा क्षयरोग झालेला. मी मनात क्षयरोगच धरला. तरी नियमाप्रमाणे कापसाच्या टोकानं स्पर्श तपासायला बसलो. आजोबांनी डोळे मिटले. मी कापूस टेकवला, ते म्हणाले, “लागला.” पुन्हा टेकवला. “लागला.” मी अहवाल लिहिला, स्पर्श शाबूत, आणि चट्ट्याचा छोटा तुकडा कापून मॅडमकडे पाठवला.

फोन आला तेव्हा मी जेवत होतो. “पाटणकर साईं, आत्ता या!”

“मॅडम, ताटावर आहे.”

“ताट घेऊन या! नाही, ताट नका आणू. हात धुऊन या!”

मी दुसऱ्या डोक्यावर बसलो. त्यांनी स्लाइड हळूच सरकवली आणि मध्ये आली ती एक नर्व्ह, कांद्यासारखी सालं सुटलेली, फुगलेली, आणि तिच्या पोटात पेशींची गाठ ठाण मांडून बसलेली. टेबल हादरायला लागलं. “शिरला! घरात शिरला! बघितला भाडेकरू? तुम्ही काय लिहिलंय, स्पर्श शाबूत? कुणाचा शाबूत, तुमचा?”

दुसऱ्या दिवशी आजोबांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटल्यावर मी कापूस लावलाच नाही, नुसता हात हवेत धरला.

“लागला,” आजोबा म्हणाले.

“आजोबा, मी हात लावला नाही अजून.”

ते ओशाळून हसले. “तुमी एवढं इचारताव, मग नाय कसं म्हणू?”

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम थांबून म्हणाल्या, “बघा, पेशंट डॉक्टरचं मन राखतो. नर्व्ह नाही राखत.” आजोबांना कुष्ठरोगाची औषधं मिळाली, चट्टा गेला, पाय वाचला.

अशी ही बाई. आणि तिला मी किंतू म्हणालो.

झालं ते असं. चामटोलीचे बाळाराम आपल्या मुलीला, सुरेखाला, घेऊन माझ्याकडे आले. सुरेखा आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला जायची. तिच्या डाव्या गालावर तांबूस, जरा उचललेला चट्टा होता. वांगणीच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. मी कापूस लावला. तिला नीट कळत होतं. हवेतल्या हातालाही ती फसली नाही. पण चेहऱ्यावर नर्व्हचं जाळं इतकं दाट असतं की तिथे कुष्ठरोगाच्या चट्ट्यातही स्पर्श राहतो, हे मला माहीत होतं. आमच्या भागात मी कुष्ठरोग खूप पाहिलेला. बघताच मनात ठरवून टाकलं.

“साहेब, तोंडाला टाकं नका घालू,” बाळाराम म्हणाले. “लगीन हाय पोरीचं.”

म्हणून मी वरवरचा, कागदासारखा पातळ तुकडा काढला आणि कॅम्प एकला पाठवला. रिपोर्ट आला की गाठी आहेत, पण नमुन्यात नर्व्ह नाही, दोन्हींपैकी कोणता रोग ते सांगता येत नाही, चट्ट्याच्या कडेचा खोल नमुना पाठवावा. पाठोपाठ फोन.

“साईं, तुम्ही मला छप्पर पाठवलं. तळघरात कोण राहतं ते मी कसं सांगू?”

“मॅडम, लग्नाची मुलगी आहे. गालाला खड्डा पाडू?”

“तुमचा खड्डा केवढा? ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि टीबी असला तर तो नाकापर्यंत जाईल. मग काय सांगणार बापाला?”

“तुम्हाला ओळखता येत नसेल तर तसं सांगा.”

मग त्या म्हणाल्या, “मला दिसलं नाही ते मी दिसलं नाही म्हणते. एवढंच मला येतं.” आणि फोन ठेवला.

मी सुरेखाला कुष्ठरोगाची औषधं सुरू केली. त्याच सुमारास अंबरनाथला डॉक्टरांचं स्नेहभोजन होतं. श्रीखंडाच्या वाट्या फिरत होत्या आणि मी रंगात आलो होतो. “लखवानी मॅडमना उत्तर मागा,” मी म्हणालो, “किंतू मिळेल. किंतू मॅडम!” सगळे खो खो हसले. नाव चिकटलं. लोकांना ते फार आवडलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. पुढे कातडीचे नमुने कॅम्प एकला जायचे कमी झाले. बरेचसे परस्पर मुंबईच्या मोठ्या लॅबना जाऊ लागले. तिथे दुसरं डोकं नव्हतं, पण उत्तर छापील आणि ठाम यायचं.

नाव मॅडमच्या कानावर गेलंच. त्या आठवड्यात मी फोन केला तर पलीकडून आवाज आला, “किंतू बोलतेय. काय हवंय, परंतु की तथापि?” मी कसंनुसं हसलो. “ती मुलगी आली का परत?” त्यांनी विचारलं. पुढे प्रत्येक फोनला हाच प्रश्न. रक्ताच्या रिपोर्टबद्दल विचारा, थायरॉइडबद्दल विचारा, शेवटी हेच, “आणि ती गालवाली?”

गालवाली ठीक नव्हती. सुरुवातीला चट्टा जरा दबला आणि मी खूश झालो. कुष्ठरोगाच्या औषधांतलं महिन्यातून एकदा घ्यायचं एक औषध क्षयरोगावरही चालतं, त्यानं रोग थोडा चिडीचूप बसला होता, इतकंच. मग चट्टा नाकाच्या दिशेनं सरकू लागला. दुसऱ्या एका औषधानं तिचा चेहरा काळवंडला. कुष्ठरोगाची नोंद झाल्यामुळे घरच्यांना तपासायला आरोग्य खात्याची माणसं चामटोलीत जाऊन आली, गावानं ती पाहिली, आणि वांगणीकरांनी निरोप धाडला की सध्या लग्नाचं राहू द्या. सुरेखा एकटीच दवाखान्यात आली. कंपनीतल्या बायका डबा खायला शेजारी बसत नाहीत, म्हणाली. मग सरळ विचारलं, “डॉक्टर, मला नक्की हाच रोग हाय ना? तुमी बघितलाय ना तो?”

बघितला तर नव्हता. कुणीच बघितला नव्हता. त्या दिवशी मी तिच्या जबड्याच्या बाजूला, चट्ट्याच्या कडेला, खोल नमुना घेतला आणि बाटली खिशात घालून स्वतः कॅम्प एकला गेलो.

मॅडमनी बाटली उजेडात धरली. टोमणा मारतील म्हणून मी खाली बघत होतो. त्या म्हणाल्या, “वाह, तळघर आहे!”

नंतर म्हणाल्या, “साईं, एक ऐका. हा कुष्ठरोग निघाला तर मी स्वतः त्या मुलीला सांगेन, औषध घे, बरी हो, लग्न कर. त्यात लाज कसली? पण जो आजार तिला नाही त्याच्या गोळ्या तिनं का खायच्या? आणि जो आहे त्याला का पोसायचं?”

नेहमीच्या रंगावर त्या थांबल्या नाहीत. नर्व्ह तेवढी तपकिरी दिसेल असं खास रंगकाम त्यांनी मुंबईतल्या एका मैत्रिणीकडून करून आणलं. स्लाइड हातात आली तशी माझ्याकडे फोन. मी येईपर्यंत त्यांनी ती पाहिलीच नव्हती. “एकटी बघितली असती तर तुम्ही पुन्हा म्हणाला असता, बाई किंतू करते. बसा.”

दोन्ही डोक्यांवर आम्ही दोघं. स्लाइड सरकत होती. गाठी, गाठी, गाठींचा बाजार. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग गाठींच्या ऐन गर्दीत एक तपकिरी तंतू दिसला. बारीक, वळणदार, अखंड. भोवती सगळी दाटी, पण त्याच्या अंगाला कुणी बोटही लावलं नव्हतं.

“थांबा,” मॅडम पुटपुटल्या. “एकावर नाही विश्वास ठेवायचा.” पुढे सरकल्या. दुसरा तंतू, तोही अखंड. तिसरा. मग त्यांचा हात टेबलावर पडला तो असा की माझ्या चष्म्यानं उडी मारली.

“शिवलंसुद्धा नाही! बघा, घर शाबूत! दुकानदार आहे, दुकानदार! टीबी! पाटणकर, टीबी! पोरगीचा गाल वाचला!”

त्या खुर्चीवरून उठून माझ्या दंडाला धरून हलवत होत्या. मीही उठलो होतो. दोन म्हातारे डॉक्टर माडीवर नाचायचेच बाकी राहिले होते. तुलसीभाई जिन्यातून ओरडत आले, या वेळी तक्रार न करता दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी पाहिलं आणि विचारलं, “कौन जीता?”

“मुलगी!” मॅडम म्हणाल्या.

जंतूंच्या तपासणीनंही पुढे तेच सांगितलं. मी औषधं बदलली. चट्टा विरत गेला, काळवंडलेपणा हळूहळू उतरला. सुरेखाच्या घरी मी सांगितलं की नवीन तपासणी केली, तिच्यात वेगळं निघालं. हे खोटं नव्हतं. पण कॅम्प एकमधली एक बाई पहिल्या दिवसापासून खोल नमुना मागत होती आणि मी तिचं ऐकलं नाही, हे मी तिथे सांगितलं नाही. अंबरनाथच्या मित्रांनाही सांगितलं नाही. त्यांच्याकडे किंतू मॅडम चालूच राहिल्या. म्हणून आता स्पष्ट लिहितो. चूक माझी होती, निदान त्यांचं होतं. त्यांचं “सांगता येत नाही” हे त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत ठाम वाक्य होतं.

वांगणीकर परत आले. हळदीचं आमंत्रण मला होतं. मॅडमना कळलं तशा त्या हटूनच बसल्या. “मला नेताय तुम्ही. आयुष्यभर माणसांचे तुकडे बघितले, एकदा अख्खा माणूस बघू द्या.”

चामटोलीत मांडव भरलेला. बाळाराम पुढे आले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडले. “तुमीच पोरीला वाचवली साहेब.” मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी बाळारामना उठवलं आणि म्हणालो, “या माझ्या ओळखीच्या.” बस, एवढंच. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांचं लक्ष पाटावर बसलेल्या नवरीकडे गेलं आणि मी त्यांच्या हिशेबातून पुसला गेलो.

बायकांनी हळदीची वाटी उचलली होती. सुरेखाच्या आईचा हात लेकीच्या गालाजवळ गेला.

“थांबा!” मॅडम ओरडल्या. “लावू नका!”

बायकांची गाणी तुटली. बाळारामचा चेहरा पांढरा पडला. सुरेखाच्या आईचा हात हवेतच राहिला. मॅडम गुडघे सावरत बायकांमधून वाट काढत पुढे गेल्या, सुरेखाला हनुवटीला धरून मांडवाच्या कडेला उन्हात आणलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्या गालाला नाक टेकेल इतक्या जवळून पाहू लागल्या. वरून, खालून, नाकाच्या बाजूनं, कानाच्या बाजूनं.

“काय झालं वो?” सुरेखा कापऱ्या आवाजात म्हणाली. “परत आला का?”

“कुठून येईल? जागाच नाही ठेवली!” मॅडम मांडवाकडे वळून ओरडल्या. “हळदीच्या आधी बघायला हवं होतं ना मला! नंतर काय दिसणार, पिवळं पिवळं? हे बघा, इथे जबड्यापाशी एवढासा पांढरा ठिपका, तोही नमुना घेतल्याचा. बाकी साफ! आरशासारखा साफ!”

आधी कुणाला कळेना. मग एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळा मांडव हसत सुटला. सुरेखाच्या आईनं डोळ्याला पदर लावला. मॅडमनी तोवर एक सिंधी लग्नाचं गाणं सुरू केलं होतं, बेसूर, मोठ्यांदा. कुणाला एक शब्द कळत नव्हता, पण बायकांनी ताल धरला.

सुरेखा त्यांच्याकडे टकामका बघत होती. “मावशी,” तिनं विचारलं, “तुमी कुणाकडच्या?”

मी दोन पावलांवर उभा होतो. उत्तर मला द्यायचं होतं. मी पाण्याचा पेला उचलला.

“मी?” मॅडम म्हणाल्या. “मी मुलीकडची. पहिल्यापासून.”

आणि बांगड्या वर सारून त्यांनी दोन्ही हात हळदीत बुडवले.